भट्टीचं जळण: डिसेंबर ते ऑगस्टच्या नोंदी

८ डिसेंबर २०२४

पुढच्या पावसाळ्याचं जळण या हिवाळ्यातच घ्यायचं, असं घरात ठरलं. फोडून, रचून उन्हाळाभर वाळवायचं आणि मृगाच्या आत पत्र्याखाली न्यायचं. नोंदी ठेवत जाईन, म्हणजे दुसऱ्या भट्टीवाल्यांनाही वापरता येतील.

आमची खव्याची भट्टी भूम तालुक्यात आहे. रोज ८० लिटरच्या आसपास म्हशीचं दूध आटतं. पाच लिटरला साधारण एक किलो खवा बसतो, बाकी बहुतेक पाणीच, ते उकळून घालवायचं. लाकडातच पाणी असलं की जाळ आधी लाकडाचं पाणी उकळतो आणि मग दुधाचं.

त्याहून मोठं दुखणं धुराचं. खवा उघड्या कढईत आटतो आणि दुधातली स्निग्धता वास पटकन धरते. गेल्या श्रावणात एका मिठाईवाल्याने नुसत्या वासावरून भाव पाडला, आणि खरं सांगायचं तर खवा धुरकट होताच. पावसाळ्यात वखारीतून येईल ते लाकूड, सांगतील त्या भावाने घ्यावं लागतं. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. या भागातल्या मालाचं नाव मोठं होत असताना आपल्या भट्टीतून धुरकट माल जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. काही जण गॅसवर आणि यंत्रावर गेलेत. आमचं गणित अजून लाकडावरच बसतं, तेव्हा लाकूड तरी नीट हवं.

हिशेब: वाळलेलं लाकूड असेल तर लिटरभर दुधाला किलोच्या आत लागतं. रोजचं ७५ किलो धरलं तर जून ते सप्टेंबर ९ टन.

१२ डिसेंबर

वखारीत जाऊन आले. लाकूडवाले मामा ओळखीचे आहेत.

"ताई, दिवाळीआधीपासून पडलंय. खडखडीत वाळलंय बघा."

"मामा, एक ओंडका मधोमध फोडा की."

मामांनी कुरकुर न करता फोडला. बाभूळ होती. बाहेरून साल सुटायला आलेली, टोकाला बारीक चिरा, हातावर आदळली तर कडक. वरवर बघणाऱ्याला वाळलेलीच वाटावी. आतला गाभा मात्र गडद लालसर, हात ठेवला तर गार आणि दमट, आंबूस वासही आला. सोबत ओलावा मोजायचा दोन सुयांचा मीटर नेला होता. सालीखाली त्याने १७ दाखवलं. ताज्या फोडलेल्या अंगावर सुया टोचल्या तर आकडा ३० च्या वर गेला.

मीटर घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी लिहून ठेवते. या मीटरचा आकडा साधारण ६ ते ३० टक्क्यांच्या दरम्यानच भरवशाचा असतो. त्याच्या वर गेला की "अजून ओलं" एवढंच समजायचं. आणि तो नेहमी ताज्या फोडलेल्या अंगावर, गाभ्याजवळ टोचायचा. बाहेरून घेतलेला आकडा घेणाऱ्याला फसवतो.

मीटर नसला तर दोन फाट्या (फोडलेले तुकडे) एकमेकींवर आपटून बघाव्यात. वाळलेल्या टणकन वाजतात, ओल्या बद्द आवाज करतात. जाळात टाकल्यावर टोकाला फेस येऊन सूं सूं आवाज निघाला तर शंकाच नको, पण तोवर पैसे दिलेले असतात.

एक गोष्ट मनाला लागली. आपण सोयाबीन घेऊन खरेदी केंद्रावर गेलो की आधी ओलावा बघतात. हमीभावाला १२ टक्क्यांची अट, या नोव्हेंबरात ती १५ पर्यंत सैल केली. जास्त भरला की माल परत. आपला माल असा मोजून घेतात आणि आपण लाकूड विकत घेताना नुसत्या शब्दावर घेतो.

१५ डिसेंबर

मामांच्या "वाळलेल्या" लाकडाची आणि नुकत्याच तोडलेल्या बाभळीची घरी परीक्षा केली. फाटीच्या टोकापासून वीतभर आत करवतीने पातळ चकत्या काढल्या, कारण टोक नेहमी आधी वाळतं आणि खोटं सांगतं. खव्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन केलं, जावेच्या केकच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवल्या आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजलं.

ताज्या तोडीच्या चकत्या ६४० ग्रॅमवरून ४०० वर आल्या. ४०० ग्रॅम लाकडात २४० ग्रॅम पाणी, म्हणजे ६० टक्के. वखारीतल्या ५५२ च्या ४०० झाल्या, म्हणजे ३८ टक्के.

हे टक्के कोरड्या लाकडाच्या वजनावर काढलेत. मीटरही तसेच दाखवतो. सोयाबीनचे टक्के एकूण वजनावर असतात, म्हणून दोन्हींची सरळ तुलना करू नये. जळणाला २० च्या खाली यायला हवं.

आता पैशाचं. ताजी तोड ४,००० रुपये टन, "वाळलेलं" ५,००० रुपये टन. ताजं टनभर घेतलं तर २० टक्क्यांपर्यंत वाळल्यावर ७५० किलो उरतं, म्हणजे वाळलेला टन ५,३३३ रुपयांना पडतो. मामांचं "वाळलेलं" टनभर घेतलं तर तेही अजून वाळवावंच लागणार आणि ८७० किलो उरणार. तो टन पडतो ५,७५० ला. म्हणजे अर्धवट वाळलेलं सगळ्यात महाग, आणि वर वाळवायचं काम आहेच. ज्याच्याकडे जागा आणि पुढचे पाच महिने आहेत, त्याने ताजंच घ्यावं.

ताजं १२ टन सांगितलं. १२ चे ९ होतील.

१९ डिसेंबर

काय घ्यायचं आणि काय नाही, यावर आत्यांशी (सासूबाईंशी) बोलणं झालं. चाळीस वर्षांच्या वर भट्टीसमोर बसलेल्या बाईचं ऐकलंच पाहिजे.

बाभूळ पहिली. जड लाकूड, निखारा बराच वेळ टिकतो, कढईखाली सारखी आच राहते. वेडी बाभूळही जळायला चांगली, पण काटे काढता काढता मजुरांचे हात सोलतात, त्यामुळे जाड बुंधेच घ्यायचे. सुबाभूळ हलकी, लवकर वाळते, भुंगाही लवकर धरते, थोडी घेऊ. कडुलिंब आत्या भट्टीला लावू देत नाहीत, धूर कडू म्हणतात. पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळ पेटवायला ठीक, त्यांच्यावर दूध आटत नाही.

मामांनी चिंचेचा एक मोठा बुंधाही दाखवला होता. चिंच, आंबा, जांभूळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत, तोडीला परवानगी लागते. परवानगीचा कागद दिसला नाही, म्हणून घेतला नाही. शिवाय चिंचेचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, घण घालून माणूस थकतो पण ती फुटत नाही.

जुन्या दारा-खिडक्यांचं रंगीत लाकूड स्वस्त मिळतं आणि वाळलेलंही असतं. खाण्याच्या मालाखाली रंगाचा धूर नको.

३ जानेवारी २०२५

येळवस (वेळ अमावस्या) आटोपली आणि लाकूड आलं. रिकामी आणि भरलेली, दोन्ही वजनं भुईकाट्यावर आपल्यासमोर करून घेतली. काट्यावर जाण्याआधी बुंध्यांवर पाणी मारलेलं नाही, हेही बघितलं.

७ जानेवारी

फोडाई चालू आहे. या कामात कसूर करायची नाही, कारण वाळणं सगळं यावरच आहे. झाड जिवंत असताना पाणी बुंध्यातून उभं चढतं आणि तोडल्यावरही त्याच वाटेने, म्हणजे टोकांतूनच, जास्त वेगाने बाहेर पडतं. साल तर पाणी आत धरून ठेवण्यासाठीच असते. अख्खा गोल ओंडका सालीसकट ठेवला तर पुढच्या दिवाळीलाही आत ओला सापडेल. म्हणून लांबी दीड फूट आणि जाडी तीन-चार इंच. मनगटाहून जाड एकही गोल तुकडा न फोडता ठेवायचा नाही.

ताजी बाभूळ फोडायला सोपी जाते, वाळली की लोखंड होते. त्यासाठीही आत्ताच फोडलेली बरी. मजूर पहिली पाचर कडेला, जिथे चीर आधीच गेलीये तिथे ठोकतात, मधोमध नाही. गाठीचे बुंधे वेगळे काढलेत. ते तसेच राहतील, भट्टीच्या मागच्या अंगाला रात्रीचा विस्तव धरायला.

११ जानेवारी

रचाई झाली. पाच रांगा, प्रत्येक वीस फूट लांब, साडेचार फूट उंच, एका फाटीएवढी रुंद. सगळं मिळून सात ब्रासच्या आसपास (ब्रास म्हणजे १०० घनफूट).

खाली दगड, त्यांवर निलगिरीचे वासे आडवे, मग लाकूड. आपल्या काळ्या मातीत ओल धरून राहते, आणि माती लागली की वाळवी चढायला आठवडा पुरतो. रांगा दक्षिणोत्तर घातल्या. उन्हाळ्यात वारं पश्चिमेकडून येतं, ते थेट फाट्यांच्या कापलेल्या टोकांवर लागतं. दोन रांगांत माणूस जाईल एवढी वाट ठेवली. वरच्या थराची साल वर.

शेजारच्या काकांनी ताडपत्री आणून दिली, "झाकून टाका, दंवानं भिजंल." आपुलकीने आणली, घडी करून ठेवली आहे. चारही बाजूंनी गुंडाळलं की आतलं पाणी आतच फिरतं आणि बुरशी येते. झाकायचं ते फक्त वरून, आणि तेही पाऊस दिसेल तेव्हा.

वजनाच्या फाट्या: प्रत्येक रांगेत काही फाट्यांना लाल रंगाचा पट्टा ओढला आणि त्यांची वजनं वहीत लिहिली. रांगेतल्या एका फाटीचं ताजं वजन २,४०० ग्रॅम. ओलावा ६० टक्के म्हणजे तिच्यात कोरडं लाकूड १,५०० ग्रॅम. २० टक्क्यांवर ती १,८०० भरली पाहिजे. तो आकडाच तिच्या अंगावर लिहून टाकला. काट्यावर १,८०० दिसले की ती तयार. मीटर नसलेल्यालाही हे करता येतं, फक्त सुरुवातीचं वजन लिहून ठेवायला हवं.

२९ जानेवारी

तीच फाटी २,१९० ग्रॅम. ४६ टक्के.

१५ मार्च

१,९६५ ग्रॅम, ३१ टक्के. टोकांना आता चांगल्या चिरा पडल्यात, गाभ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सालीकडे निघालेल्या. याला कारण आहे. लाकडाच्या पोकळ नळ्यांमधलं मोकळं पाणी जाईपर्यंत लाकूड आकसत नाही. ते संपलं, म्हणजे ओलावा साधारण ३० टक्क्यांवर आला, की मग नळ्यांच्या भिंतींतलं पाणी निघायला लागतं आणि तिथून पुढे लाकूड आकसतं, फाटतं. त्यामुळे चिरा दिसल्या म्हणजे वाळलं असं नाही. वाळायचा दुसरा टप्पा सुरू झाला एवढाच त्याचा अर्थ. डिसेंबरात वखारीतल्या लाकडाला टोकाशी चिरा होत्या आणि आत ३८ टक्के ओल होती, ते यामुळेच: टोक आधी वाळून आकसलं होतं, गाभा नाही.

सुबाभळीखाली बारीक पिठासारखी भुकटी पडलेली दिसली. भुंगा लागलाय. बाहेरच्या पांढुरक्या लाकडात तो आधी शिरतो. बैलगाडीच्या कामाची बाभूळ पूर्वी पाण्यात बुडवून ठेवायचे ते याच्यासाठी, पण जळणाला तेवढा खटाटोप नको. ती रांग आधी जाळायची. होळीला पोरांनाही त्यातलंच दिलं.

२७ एप्रिल

१,७७० ग्रॅम. १८ टक्के! पारा चाळिशीच्या पुढे, दुपारी वारं भट्टीच्या तोंडासारखं. आपल्याकडच्या उन्हाळ्याला सगळेच नावं ठेवतात, पण थंड मुलखात ज्याला वर्ष-दोन वर्षं लागतात ते इथे फोडलेल्या लाकडाचं एका उन्हाळ्यात होतं. फुकट मिळणारी ही भट्टी आपण वापरत नाही आणि पावसाळ्यात डोळे चोळत बसतो.

पट्ट्याच्या एका फाटीला मधोमध फोडून ताज्या अंगावर मीटर लावला. १९. वजनाशी जुळलं.

१२ मे

१,६९० ग्रॅम, १३ च्या आत. रांगांची उंचीही जराशी उतरली आहे.

२१ मे

अवकाळी. पत्र्याचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यात धरलं होतं, पाऊस त्याआधीच येऊन पडतोय. दोन रांगा घाईने शेडमध्ये घेतल्या, उरलेल्यांवर वरून ताडपत्री, कडेने फूटभर बाहेर काढून दगड बांधले. बाजू उघड्याच ठेवल्या.

२७ मे

मान्सून काल मुंबईत पोचला. यंदा सगळंच लवकर.

भिजलेल्या कडेची फाटी बघितली. बाहेर मीटर २४, फोडल्यावर आत १३. धीर आला. पावसाचं पाणी वाळलेल्या लाकडाच्या अंगावरच राहतं, दोन दिवस वारं-ऊन लागलं की जातं. झाडाचं मूळ पाणी बाहेर काढायला पाच महिने लागले, ते असं एका सरीत परत आत जात नाही. अडचण येते ती पाणी साठून राहिलं तर, म्हणून खालच्या दगडांजवळ चर खणून घेतला.

१० जून

उघडीप आहे, पत्रा चढला. सगळं लाकूड आत.

१४ जून

आज ज्याच्यासाठी हे सगळं केलं ती परीक्षा. मुद्दाम वखारीतून अर्धवट ओलं थोडं लाकूड आणलं. सकाळी ४० लिटर दूध त्याच्यावर आटवलं, दुपारी तेवढंच आपल्या लाकडावर. कढई तीच, हात आत्यांचाच.

ओलं ५२ किलो लागलं. वाळलेलं ३४.

नुसतं पाणी कमी म्हणून एवढा फरक पडत नाही. किलोभर पाणी उकळून वाफ करायला सहाशेच्या वर किलोकॅलरी जातात आणि किलोभर कोरड्या लाकडात साडेचार हजारांच्या आसपास असतात. तेवढ्याने हिशेब लागत नाही. खरं नुकसान वेगळंच. लाकूड तापलं की त्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग आधी वायू होऊन निघतो आणि ज्वाळा दिसते ती त्या वायूची. तो वायू नीट जळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. ओल्या लाकडाने भट्टी तेवढी तापतच नाही, मग तो वायू न जळता धूर होऊन जातो. म्हणजे धूर हे आपण पैसे देऊन घेतलेलं जळणच आहे. तेच धुराड्यात काजळी होऊन बसतं, खव्यात वास होऊन उतरतं आणि भट्टीसमोरच्या बाईच्या छातीत जातं.

दुसरी गोष्ट आत्यांनी दाखवली. दूध घट्ट होत आलं, बुडाला धरायला लागलं की जाळ झटकन कमी करावा लागतो. वाळलेल्या लाकडाच्या दोन फाट्या मागे ओढल्या की आच लगेच उतरते. ओल्याचं तसं नाही. ते धुमसत बसतं, आणि नको तेव्हा वाळून भडकतं. खवा करपतो तो त्या वेळी. आज दुपारचा खवा पांढराशुभ्र, दाणेदार उतरला. हातावर मळून नाकाशी नेला, फक्त दुधाचा वास.

आत्या एवढंच म्हणाल्या, "आज पदर डोळ्याला लावावा लागला न्हाई."

१६ जुलै

हवेत ओल आहे, लाल पट्ट्याची फाटी १,७५० झाली. १७ च्या आत. वाळलेलं लाकूड पावसाळ्यात हवेतली थोडी ओल घेतंच, त्यात काळजीचं काही नाही. भट्टीशेजारी आठवड्याचा साठा आणून ठेवतो, तो राहिल्या उबेवर आणखी सुकतो. ठिणगी उडाली तर पोचू नये एवढं अंतर ठेवलंय आणि पाण्याची बादली तिथेच आहे.

२४ ऑगस्ट

साठा हिशेबाप्रमाणे उतरतोय, सप्टेंबर निघेल. श्रावणातले सणही निभावले. वासावरून एकाही खेपेचा भाव पडला नाही.

आज मामांकडे जाऊन पुढच्या खरेदीचं बोलून घेतलं. दिवाळीनंतर तोड, लाकूड ताजंच. टनावर घ्यायचं तर आमच्यासमोर फोडून ओलावा बघणार आणि ६० च्या वर जेवढा भरेल तेवढं पाणी वजनातून वजा होणार. मामांना ते पटलं नाही. "ताई, पाण्याचं वजन कुठवर मोजत बसू?" मग ब्रासवर घ्यायचं ठरलं: दीड फुटाच्या तुकड्यांची थप्पी, लांबी-रुंदी-उंची फुटात मोजून, १०० घनफुटांचा एक भाव. ओलं असो की वाळलेलं, थप्पी जवळजवळ तेवढीच भरते, त्यात पाण्याचे पैसे जात नाहीत. फटी ठेवून सैल रचली नाही ना, हे तेवढं बघायचं. गावातले आणखी दोन भट्टीवाले सोबत घेणार आहेत, म्हणून भावही जरा खाली आला. सुबाभूळ नाही सांगितली.

सात ब्रास. विसार देऊन आले. पत्र्याचं काम यंदा एप्रिलअखेरीस धरायचं, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.